गालाची सूज: गोळ्यांवर थांबायचं की चिरा द्यायचा?

दाढेच्या संसर्गाने गाल सुजला की आपल्याकडे गोव्यात आधी लवंग, मग शेक, मग फार्मसीतून मागच्या वेळच्याच गोळ्या. डॉक्टरांनी ‘चिरा द्यावा लागेल’ म्हटलं की घरात दोन पक्ष पडतात.

सूज नवी, पसरट आहे, तोंड नीट उघडतंय, घोट गिळता येतोय, ताप नाही, साखर आटोक्यात आहे, तर अँटिबायोटिकवर एक-दोन दिवस थांबता येतं, तेही डॉक्टरांच्या नजरेखाली. दाबल्यावर आत पातळ काही हलल्यासारखं लागलं, तर मात्र पू साठलाय. त्यात रक्तपुरवठा नसतो, औषध पोचणार कसं? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीत मधुमेहाचं प्रमाण गोव्यात देशात सर्वाधिक, २६.४ टक्के निघालं. मधुमेहात संसर्ग लवकर पसरतो; ‘बघू दोन दिवस’ आपल्याला जास्त महागात पडतं ते यामुळे.

चिरा आतून की बाहेरून? पू हिरडीलगत असेल तर आतून: जागा बधिर करून काम होतं, चेहऱ्यावर व्रण नाही, बहुधा त्याच दिवशी घरी. पू जबड्याखाली, मानेकडे उतरला असेल तर आतून निचरा होत नाही. मग जबड्याच्या कडेच्या दोन बोटं खाली चिरा देतात, कारण ओठाचा कोपरा हलवणारी नस कडेलगत जाते. चिमटा आत उघडून पुवाचे कप्पे फोडतात, जखम धुतात, रबरी पट्टी ठेवतात. स्राव थांबत आला की ती काढतात. व्रण जबड्याच्या सावलीत लपतो. गळू आपोआप फुटलं तर राहणारी खळी याहून विद्रूप, हे व्रणाच्या भीतीने अडणाऱ्यांना सांगावंसं वाटतं.

पण खरा फरक इस्पितळ निवडताना पडतो. जबडा वासत नसेल तर भूल देणंच अवघड. नाकातून कॅमेऱ्याच्या मदतीने नळी घालावी लागते, कधी गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट करावी लागते. खासगीत जाणार असाल तर खोलीच्या भाड्याआधी विचारा: रात्री हे करणारा भूलतज्ज्ञ हजर असतो का? बांबोळीत गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) आणि दंत महाविद्यालय जवळजवळ आहेत, हा मोठा फायदा.

जीभ वर उचलली गेली, लाळ गळते, हनुवटीखाली दोन्ही बाजूंनी लाकडासारखं घट्ट लागतं, किंवा कातडी काळसर पडते, तर तुलना बंद. १०८ला फोन करा.

आणि जिच्यामुळे सूज आली ती दाढ? ‘सूज उतरल्यावर काढू’ हा जुना हट्ट. बऱ्याचदा ती त्याच वेळी काढता येते. वाचवण्याजोगी असेल तर रूट कॅनल.