फुटबॉल मॅनेजर 2024 : भरवशाच्या बचावपटूची कसोटी

खेळणाऱ्याला फुटबॉल क्लबचा मॅनेजर बनवणाऱ्या फुटबॉल मॅनेजर या संगणकीय खेळांच्या मालिकेची चर्चा बहुधा कोवळ्या वयाचे आघाडीवीर हेरण्याच्या अंगाने होते. स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्हने घडवलेल्या आणि नोव्हेंबर 2023 मध्ये सेगाने प्रकाशित केलेल्या 2024 च्या आवृत्तीची पारख मात्र वेगळ्या मार्गाने करावी, असे मला वाटते. तिशी ओलांडलेला, चार-पाच क्लबांचे पाणी प्यायलेला, चाहत्यांच्या जर्सीवर ज्याचे नाव क्वचितच दिसते असा एखादा सेंटर-बॅक, म्हणजे बचावफळीच्या मध्यभागी खेळणारा बचावपटू, संघात घ्यावा आणि त्याचे उरलेले हंगाम हा खेळ कसे रंगवतो ते पाहावे.

गोलरक्षक वगळता प्रत्येक खेळाडूचे तांत्रिक, मानसिक आणि शारीरिक असे 36 गुण येथे 1 ते 20 या अंकांत मांडलेले असतात. नजर आधी वेगाच्या आकड्यावर जाते, आणि वयस्क बचावपटू तिथेच मागे पडतो. पण वेग व चपळाई ओसरू लागल्यावरही पोझिशनिंग (योग्य जागी उभे राहणे), अँटिसिपेशन (पुढची चाल आधी ओळखणे) आणि एकाग्रता टिकून राहतात, प्रसंगी वाढतातही. त्यामुळे असा खेळाडू धावत जाऊन चेंडू अडवण्यापेक्षा आधीच योग्य जागी उभा राहून संघाचे काम भागवतो. हा बदल खेळात इतक्या संथपणे आणि पटण्याजोगा उतरला आहे की त्यासाठी निर्मात्यांना मनापासून दाद द्यावी लागते.

ज्या गुणामुळे त्याला भरवशाचा म्हणायचे, ते सातत्य मात्र पडद्यावर आकड्याने दिसतच नाही. सातत्य, मोठ्या सामन्यांतील कामगिरी आणि दुखापतींची प्रवृत्ती हे गुण लपवलेले आहेत, आणि त्यांचा अंदाज स्काउटच्या, म्हणजे खेळाडू पारखणाऱ्या क्लबच्या माणसाच्या, अहवालांतील शेऱ्यांवरून बांधावा लागतो. काहींना ही अडवणूक वाटते. मला हाच या खेळातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. लीस्टर सिटी या क्लबने 2015-16 मध्ये इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली, तेव्हा कर्णधार वेस मॉर्गन 38 पैकी 38 सामन्यांत एक मिनिटही मैदानाबाहेर गेला नाही, आणि त्याच्या शेजारी चेल्सी, मिडल्सब्रो व स्टोक असा प्रवास करून आलेला रॉबर्ट हुथ उभा होता. या जोडीचे मोल वेगाच्या रकान्यात कुणाला सापडले असते?

सामन्यानंतर दहापैकी मिळणाऱ्या मूल्यांकनाबद्दल मी इतका समाधानी नाही. कॉर्नरवर हेडरने गोल करणाऱ्या बचावपटूचा आकडा झटकन वर जातो. ज्याच्या उभे राहण्यामुळे प्रतिस्पर्ध्याने त्या बाजूला पासच दिला नाही, तो मधल्या आकड्यांत अडकून पडतो. केवळ सरासरी पाहून संघ निवडणारा मॅनेजर हंगामाच्या शेवटी नेमका चुकीचा माणूस विकून बसण्याची शक्यता मोठी आहे. अर्थात, सामन्यांची दृश्ये पूर्ण लांबीची पाहण्याचा पर्याय उपलब्ध आहे, आणि बचावफळी समजून घ्यायची असेल तर तो वेळखाऊपणा पत्करावा.

डावपेचांत त्याला 'नो-नॉनसेन्स सेंटर-बॅक' ही भूमिका देता येते, म्हणजे पायात चेंडू खेळवत न बसता तो सरळ दूर भिरकावण्याची मुभा मिळते. बाजारातील किंमत वयाबरोबर घसरत असल्याने तुटपुंज्या अंदाजपत्रकाच्या क्लबला तो परवडतोही. करार मात्र वर्षावर्षाने वाढवावा. त्याचा खरा उपयोग मेंटरिंगच्या गटात कळतो, कारण व्यावसायिक वृत्तीचा ज्येष्ठ खेळाडू सोबत असला की तरुणांचे स्वभावविशेष हळूहळू त्याच्या वळणाने जाऊ लागतात. निवृत्तीनंतर तो प्रशिक्षक म्हणून उपलब्ध झाला, तर त्याला क्लबातच ठेवून घेण्याची सोयही आहे. झटपट निकाल हवा असणाऱ्यांना हे सारे कंटाळवाणे वाटेल. बचावाची आवड असलेल्यांनी ही आवृत्ती जरूर घ्यावी.