सात रस्त्याजवळचं हायफाय ऑडिओचं दुकान: स्वतःची गाणी घेऊन जा

दुकान लहान, पार्किंगची बोंब. पण मागची ऐकायची खोली मनापासून बनवलेली आहे: जाड पडदे, खाली गालिचा, आणि सांगितलं तर एसीसुद्धा बंद करतात. सोलापूरच्या मे महिन्यात ही मालकांची कृपाच म्हणायची.

केफ कंपनीचे एलएस50 मेटा हे स्पीकर ऐकले. यात ट्वीटर (बारीक, उंच स्वरांचा छोटा स्पीकर) वूफरच्या (खालच्या, जाड स्वरांच्या मोठ्या स्पीकरच्या) अगदी मधोमध बसवलेला असतो, त्यामुळे दोन्हींचा आवाज एकाच जागेहून आल्यासारखा वाटतो. मी भीमसेनजींच्या जुन्या मैफलीचं रेकॉर्डिंग नेलं होतं. गळ्यामागे तानपुरा स्वच्छ वेगळा, लांब तानेआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. तबल्याची चाट खणखणीत, डग्ग्याचा घुमारा मात्र जरा आखूड. सव्वापाच इंची वूफरकडून आणखी काय मागणार! आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वीज दिली की किती जोरात वाजतात ते, 85 डेसिबलच आहे, तेव्हा घरातल्या मरतुकड्या अ‍ॅम्प्लिफायरवर हे खुलणार नाहीत.

तक्रार एकच, पण मोठी. स्पीकरच्या दोन जोड्यांची तुलना करताना मालकांनी महागड्या जोडीच्या वेळी व्हॉल्यूम हळूच वाढवला. जरा जोरात वाजलं की कानाला तेच भारी वाटतं, ही जुनी दुकानदारी. म्हटलं, "काका, दोन्हींचा आवाज सारखा करा की!" हसत केला त्यांनी, आणि निम्मा फरक तिथंच गळाला. वर केबलही गळ्यात मारायला बघतात. सरळ नको म्हणायचं.

रविवारी गर्दी असते. मधल्या वारी दुपारी फोन करून गेलात तर निवांत बसू देतात, चहाही येतो.