रेल्वे वर्कशॉपच्या जागेवर मॉल येतोय: विरोध करायचा, अटी घालायच्या की जागाच मागायची?

पेपरच्या आतल्या पानावर बारीक टायपात सूचना येते. अमुक सर्व्हे नंबर, जुनं रेल्वे वर्कशॉप, 'रेल्वे वापरा'तून वगळून 'वाणिज्य विभागा'त टाकण्याचा प्रस्ताव, हरकती-सूचना एका महिन्याच्या आत. महाराष्ट्रात असा बदल बहुधा 1966 च्या एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम 37 खाली होतो. त्या महिन्यात वस्तीनं, युनियननं आणि आजूबाजूच्या सोसायट्यांनी मिळून काहीतरी एक म्हणायचं असतं, आणि घोळ नेमका तिथेच होतो. कामगारांना कारखाना हवा असतो, सोसायट्यांना बाग, हेरिटेजवाल्यांना दगडी शेड आणि पोरांना नोकऱ्या. सुनावणीला प्रत्येक जण वेगळंच सांगतो, मग 'नोंद घेतली' एवढं म्हणून साहेब मोकळे होतात.

अशा वेळी लोकांपुढे साधारण तीन रस्ते असतात, आणि तिन्हींवरून कुठली ना कुठली वस्ती आधी चालून गेलेली आहे. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना मी कुठून बोलतोय ते कळेल. इमारत वाचवणं हा या लढाईतला त्यातल्या त्यात सोपा भाग. विकसकालाही जुनी वीट आणि छपराच्या लोखंडी कैच्या हव्याच असतात, कारण त्यांच्यावर भाडं चढं मिळतं. लोक हरतात ते दुसऱ्या दोन गोष्टींत: जमीन कुणाच्या ताब्यात राहणार आणि आत कुणाला खिशात हात न घालता शिरता येणार.

पहिला रस्ता: कारखानाच चालू ठेवा

न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिनला हिलसाइड नावाचं रेल्वे वर्कशॉप आहे, 1875 पासूनचं. 2012 मध्ये सरकारी रेल्वे कंपनीनं ते जवळजवळ बंदच केलं. वॅगन बाहेरून आयात करणं स्वस्त पडतं, असा हिशोब होता. शहरात बराच आरडाओरडा झाला, पण निर्णय फिरला नाही. जागा मात्र रेल्वेकडेच राहिली. 2019 मध्ये सरकारनं दुरुस्तीसाठी पैसे दिले, 2021 च्या अर्थसंकल्पात तिथे वॅगन जुळणीसाठी मोठी तरतूद झाली आणि काम परत आलं. मधल्या काळात तिथे दुकानं उभी राहिली असती, तर हा विषय निघालाच नसता.

पण हेरिटेजवाल्यांनी इथे हुरळून जाऊ नये. नव्या पद्धतीच्या कामाला नवी शेड लागते, आणि हिलसाइडला त्यासाठी काही जुनी बांधकामं पाडली गेली. कारखाना जगवणं आणि वास्तू जपणं या दोन मागण्या एका फलकावर छान दिसतात, पण प्रत्यक्षात कधीकधी त्या एकमेकींच्या आड येतात. मोर्च्याआधीच त्यावर बोलून घेतलेलं बरं.

आपल्याकडे परळचं उदाहरण डोळ्यासमोर आहे. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेनं भायखळ्याहून वर्कशॉप इथे हलवलं ते 1879 मध्ये. ही जागा टर्मिनससाठी घ्यायची चर्चा उठली की कामगार संघटनांच्या गेट मीटिंगा सुरू होतात. तिथला वाद मॉलचा नाही, रेल्वेच्याच दुसऱ्या गरजेचा आहे, त्यामुळे तुलना ओढूनताणून करणार नाही. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. चालू वर्कशॉपच्या बाजूनं उभं राहायचं तर नुसत्या 'ऐतिहासिक वारसा' या शब्दांनी भागत नाही. महिन्याला किती डबे किंवा इंजिनं पीओएचला (ठरावीक काळानं होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीला) येतात, आउटटर्न किती, म्हणजे काम होऊन बाहेर किती पडतात, वर्कशॉप हललं तर हे काम कुठल्या शहरात जाईल आणि तिथे तेवढी क्षमता आहे का, हे मांडावं लागतं. हे आकडे कामगारांच्या तोंडपाठ असतात, फक्त हरकतीच्या कागदावर ते क्वचित उतरतात.

यंत्रं हलली असतील, खात्यांना कुलपं लागली असतील आणि शेवटची बॅच निवृत्त झाली असेल, तर हा रस्ता धरू नका. बंद कारखाना चालू करण्याची मागणी भावनेला धरून असते, पण तोवर झोन बदलाचा महिना संपतो.

दुसरा रस्ता: बदल होऊ द्या, पण आमच्या अटींवर

बहुतेक ठिकाणी शेवटी गाडी याच रुळावर येते, म्हणून इथे जरा थांबू.

इंग्लंडमधलं स्विंडन हे छोटं गाव ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या वर्कशॉपनं मोठं केलं. काम 1843 मध्ये सुरू झालं, भरात असताना चौदा हजारांच्या आसपास माणसं तिथे खपत होती. ब्रिटिश रेल्वेचं शेवटचं वाफेचं इंजिन 1960 मध्ये तिथूनच बाहेर पडलं. भोंग्यावर अख्खं गाव उठायचं. जवळच्या जहागीरदारानं त्या भोंग्याविरुद्ध तक्रार केली तेव्हा गावकरी भोंग्याच्या बाजूनं उभे राहिले होते. गिरणगावातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

1986 मध्ये वर्कशॉप बंद झालं आणि जागा खाजगी विकसकांकडे गेली. पुढे जे झालं ते कागदावर झकास आहे. 1997 मध्ये जुन्या शेडमध्ये ब्रँडेड मालाचं आउटलेट सेंटर उघडलं, 2000 मध्ये शेजारी रेल्वेचं संग्रहालय झालं, 2005 मध्ये वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टनं आवारातच नवी इमारत बांधून मुख्यालय आणलं. डोक्यावर जुन्या क्रेन, खाली बुटांची दुकानं, आणि खाण्याच्या टेबलांशेजारी कैक वर्षं एक खरंखुरं इंजिन उभं. संग्रहालयात कामगारांच्या नावांची भिंतही आहे. झोन बदलाच्या सादरीकरणात तुम्हाला जी रंगीत चित्रं दाखवतात, ती साधारण याच जातीची असतात.

त्यात मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन दिसत नाही. 1855 ची ही इमारत रेल्वे वस्तीच्या मधोमध आहे. वाचनालय, व्याख्यानं, नाटकं, सगळं तिथे चालायचं, आणि ती उभारण्यात कामगारांचा स्वतःचा पैसा होता. वर्कशॉप बंद झालं तशी तीही बंद पडली. खाजगी मालक बदलले, हॉटेलपासून फ्लॅटपर्यंत बेत झाले, छत गळत राहिलं. स्थानिकांनी न्यास काढला, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ज्या शेडमधून भाडं येणार होतं त्या शेड चकाचक झाल्या, आणि कामगारांची म्हणावी अशी जी एकच वास्तू होती ती सडत पडली. कारण साधं आहे. पहिल्या दुकानाला परवानगी देतानाच या इमारतीची दुरुस्ती कुणाच्या गळ्यात बांधलेली नव्हती.

सिडनीच्या ईव्हलीत लोक जास्त जागरूक होते. रेडफर्न या उपनगराच्या कडेला 1887 मध्ये सुरू झालेलं हे वर्कशॉप 1917 च्या मोठ्या संपाचं एक उगमस्थान. कामाची वेळ मोजणाऱ्या कार्डांवरून ठिणगी पडली होती. रेडफर्नच्या आदिवासी वस्तीला शहरात पक्की नोकरी देणाऱ्या मोजक्या ठिकाणांपैकीही हे एक. 1980 च्या दशकाच्या शेवटी काम थांबलं. पुढे सरकारनं तिथे टेक्नॉलॉजी पार्क केला, आणि 2015 मध्ये तो पार्क मिरव्हॅक या विकसक कंपनीच्या नेतृत्वाखालच्या समूहाला 263 दशलक्ष ऑस्ट्रेलियन डॉलरला विकला. शहराच्या महापौर या विक्रीच्या विरोधात होत्या, तरी ती झालीच.

आज तिथे बँकेची प्रचंड कार्यालयं आहेत, लोको वर्कशॉपच्या शेडमध्ये सुपरमार्केट आहे. पण त्याच शेडच्या एका टोकाला लोहारशाळा चालू आहे. नुसती मांडून ठेवलेली नाही, तिथे तापलेल्या लोखंडावर खरोखर घण पडतो. जुन्या अजस्र प्रेस, हातोडे, भट्ट्या जागच्या जागी आहेत. इमारतींबरोबर यंत्रांचीही वारसा म्हणून आधीच नोंद झालेली होती, म्हणून हे जमलं. आपल्याकडे झोन बदलायच्या आधीच यंत्रं भंगाराच्या लिलावात जातात आणि मग 'मोकळी शेड' म्हणून प्रस्ताव येतो, त्याच्याशी हे ताडून पाहा.

राहण्याच्या घरांचा प्रश्न मात्र ईव्हलीत अजून धगधगतोय. रुळांच्या उत्तरेकडच्या पेंट शॉप भागाचा झोन बदलण्याचा प्रस्ताव 2022 मध्ये लोकांसमोर आला, तेव्हा हरकतींचा रोख विटांवर कमी आणि टॉवरच्या उंचीवर, परवडणाऱ्या घरांवर, आदिवासी कुटुंबांच्या वाट्यावर जास्त होता. पहिल्या विक्रीतून लोक एवढं तरी शिकले होते.

आता मुंबईच्या गिरण्या. हे रेल्वे वर्कशॉप नव्हे, पण या रस्त्यावरचा सगळ्यात मोठा खड्डा इथेच आहे. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतला 58 वा नियम म्हणत होता, गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे करा: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला, एक मालकाला. 2001 मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त 'मोकळ्या' जमिनीपुरती उरली. म्हणजे ज्यावर शेड उभी होती ती जमीन हिशोबातून गेली, आणि शेड पाडून ती मोकळी केली तरी ती वाटणीत येईना. 2005 मध्ये उच्च न्यायालयानं लोकांच्या बाजूनं निकाल दिला, मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. आज कित्येक ठिकाणी टॉवरांच्या मधे चिमणी तेवढी उभी आहे, हेरिटेज म्हणून. वर्कशॉपच्या आवाराचा बहुतेक भाग शेडखालीच असतो. तेव्हा 'मोकळ्या जागेच्या अमुक टक्के' असं कुणी तोंडावर फेकलं तर खूश होऊ नका, एकूण भूखंडाच्या किती ते विचारा.

तिसरा रस्ता: जागा सार्वजनिक मालकीची करा

अमेरिकेतल्या अल्बुकर्की शहरानं हे केलं. सांता फे रेल्वेची तिथली अवाढव्य काचांची शेड कित्येक वर्षं रिकामी होती. 2007 मध्ये शहरानं 27 एकर जागा साडेआठ दशलक्ष डॉलरला विकत घेतली. 2012 मध्ये विकसक नेमला, 2018 मध्ये त्याच्याशी काडीमोड झाला. या सगळ्यात तिथे खऱ्या अर्थानं चाललं ते एक साधं काम: 2014 पासून लोहारशाळेच्या शेडमध्ये भरणारा रविवारचा बाजार. भाजी, पाव, हातमालाची विक्री, गाणंबजावणं. शेजारच्या बरेलास वस्तीतल्या कित्येक घरांतले आजे-पणजे याच शेडमध्ये कामाला होते, आता नातवंडं तिथे गाळा लावतात.

बाकी शेड? फुटक्या काचांसकट वाट पाहत राहिल्या. जमिनीत मुरलेलं तेल, शिशाचा रंग, अॅस्बेस्टॉस यांची सफाई खर्चिक असते, आणि मालक झालात की ती तुमच्या माथी येते. ईव्हलीतल्या डब्यांच्या शेडमध्ये 2007 मध्ये सरकारी मालकीतच कलाकेंद्र झालं, गाजलं, आणि 2020 मध्ये कोविडनं कार्यक्रम बंद होताच चालवणारी संस्था दिवाळखोरीच्या उंबऱ्यावर गेली. देणगीदार धावले, सरकारनं दीर्घ भाडेकरार दिला, म्हणून ती तगली. काळाचौकीच्या वस्त्रसंग्रहालयाचं घोंगडं किती वर्षं भिजत पडलंय ते मुंबईकरांना माहीतच आहे. हा रस्ता मला मनापासून आवडतो, पण ज्या नगरपालिकेला पगार वेळेवर करता येत नाहीत तिच्या गळ्यात वीस एकर दूषित जमीन मारू नये.

मग तुम्ही काय निवडाल?

चालू वर्कशॉप असेल तर पहिला रस्ता, डोळे झाकून. बंद असेल आणि महापालिका श्रीमंत असेल, तर दुसरा आणि तिसरा मिसळा: सगळी जागा मागण्यापेक्षा एकच मोठी शेड आणि तिच्यापर्यंतचा रस्ता सार्वजनिक मालकीत मागा, बाकीच्यावर अटी. छोट्या गावात दुसराच रस्ता, फक्त स्विंडनची चूक टाळून.

आपल्याकडे एक फरक लक्षात ठेवा. रेल्वे सहसा जमीन विकत नाही. रेल्वे भूमी विकास प्राधिकरणामार्फत ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं जाते, 99 वर्षांपर्यंतही. 'विक्री नाही, लीज आहे' असं सुनावणीत ठासून सांगितलं जाईल. तीन पिढ्यांची लीज आणि विक्री यांत वस्तीच्या दृष्टीनं फारसा फरक नसतो, म्हणून मुदतीवर हरकत घ्याच. रेल्वेच्या स्वतःच्या कामकाजासाठीच्या बांधकामाला कायद्यानं बरीच मोकळीक आहे. मॉल किंवा ऑफिस हे गाडी चालवण्याचं काम नव्हे, त्यासाठी जमीन वापराचा बदल सहसा नियोजन प्राधिकरणाच्या टेबलावरून जातो. तुमचा हात पोहोचतो तो त्याच टेबलापर्यंत.

हरकत लिहिताना निबंध नको. सार्वजनिक शेडची दुरुस्ती आणि खुला रस्ता पूर्ण झाल्याशिवाय पहिल्या व्यावसायिक इमारतीला ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) देऊ नये, ही एक अट मंजुरीच्या आदेशातच घालून घेतलीत तर बाकीच्या दहा आश्वासनांपेक्षा ती जड आहे. वास्तू हेरिटेज यादीत नसेल तर समावेशाचा अर्ज वेगळा, त्याच महिन्यात. असेल तर श्रेणी बघा, कारण तिसऱ्या श्रेणीत फेरफाराला पहिल्यापेक्षा पुष्कळ वाव असतो. यंत्रांची, क्रेनची, हजेरीपटांची, नकाशांची फोटोसकट यादी जोडा. ती करायला निवृत्त फोरमन आणि चार्जमन सोबत घ्या, कुठलं यंत्र कुठल्या खात्यात होतं ते सल्लागाराच्या अहवालात नसतं. सगळ्यांनी सारख्या मजकुराची छापील पत्रं टाकली तर ती एकच हरकत म्हणून निकालात काढणं सोपं जातं, तेव्हा मागण्या समान ठेवा आणि कारणं ज्याची त्यानं लिहा. आवक शिक्क्याची पोच घ्यायची आणि सुनावणीची तारीख अधूनमधून स्वतः जाऊन विचारायची. नोटीस पोस्टात अडकली, हे कारण तुम्ही दिलंत तर ऐकून घेतलं जात नाही.