नेपियरच्या चाऱ्यासाठी निमकोटेड युरिया (४५ किलोची गोणी)

स्वस्तात नत्र हवं तर याला तोड नाही. ४६ टक्के नत्र, म्हणजे गोणीत सुमारे २०.७ किलो. संकरित नेपियरला दर कापणीनंतर एकरी अर्धी गोणी पुरते. ठोंबांच्या बुडाशी ओळीने टाका, मातीआड करा, त्याच दिवशी पाणी द्या. कोरड्या रानात फोकलात तर नत्र अमोनिया होऊन उडून जातो, आणि निंबाच्या तेलाचा लेप तिथे फारसा कामाचा नाही. तो फक्त नायट्रेट होण्याचा वेग कमी करतो. स्फुरद-पालाश यात शून्य, तेव्हा शेणखत हवंच. पाण्याच्या ताणावरच्या पिकाला जादा युरिया देऊन तो चारा जनावरांना लगेच घातलात तर नायट्रेटची विषबाधा होऊ शकते. गोणी गव्हाणीपासून लांब ठेवा, जनावरं चाटतात. पावसाळ्यात उघडी राहिली तर ढेकळंच फोडत बसाल!