ऑक्सफर्ड की केंब्रिज? लंडनहून एकच दिवस हाताशी असेल तर

लंडनला आलेल्या मराठी पाहुण्यांचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. टॉवर ब्रिज, ब्रिटिश म्युझियम, प्रिमरोझ हिलजवळचं डॉ. आंबेडकरांचं घर, झालंच तर ग्रीनिच. मग एक दिवस मोकळा उरतो आणि प्रश्न येतो: ऑक्सफर्ड करायचं की केंब्रिज? इथे राहणारे लोक यावर "दोन्ही सारखीच, कुठेही जा" असं सांगून मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही. दगडी इमारती, हिरवळ, सायकली आणि काळे झगे दोन्हीकडे आहेत हे खरं. पण दिवस कसा जातो हे पाहिलं तर फरक मोठा आहे. ऑक्सफर्ड आत शिरून बघायचं गाव आहे. केंब्रिजचं सर्वांत देखणं रूप बाहेरून, नदीच्या बाजूनं दिसतं. तुमच्यासोबत कोण आहे, महिना कोणता आणि हवा कशी, यावर निवड करा.

नात्याचं म्हणाल तर केंब्रिज हे ऑक्सफर्डमधून फुटून निघालेलं घर. १२०९ साली ऑक्सफर्डमध्ये एका स्त्रीच्या खुनावरून गावकरी आणि विद्यार्थी यांच्यात पेटलं, काही विद्यार्थ्यांना फासावर चढवलं गेलं, आणि घाबरलेल्या मंडळींपैकी काहींनी केंब्रिज गाठलं. तेव्हापासूनची भाऊबंदकी आजही दरवर्षी थेम्सवरच्या बोटींच्या शर्यतीत दिसते.

जाण्या-येण्याचं आधी उरकतो. ऑक्सफर्डला पॅडिंग्टनहून जलद गाडीनं तासाभरात पोचता. केंब्रिजला किंग्ज क्रॉसहून पाऊण-एक तास. लिव्हरपूल स्ट्रीटहूनही गाड्या आहेत, पण त्या रेंगाळतात. खरा फरक उतरल्यावर कळतो. ऑक्सफर्डचं स्टेशन गावाला चिकटून आहे, दहा-पंधरा मिनिटांत तुम्ही मध्यवस्तीत. केंब्रिजचं स्टेशन मात्र दोनेक किलोमीटर लांब, आणि तो रस्ता बघण्यासारखाही नाही. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर सरळ बस धरा. तिकिटं दोन्हीकडची सकाळच्या गर्दीच्या वेळेनंतर स्वस्त होतात. तिघं-चौघं एकत्र असाल तर ग्रुपसेव्हची सवलत बघायला विसरू नका. एक धोक्याची सूचना: मॅरिलबोनहून ऑक्सफर्डला जाणारी गाडी बिस्टर व्हिलेजला थांबते. तिथे ब्रँडेड कपड्यांची आउटलेट दुकानं आहेत. खरेदीची आवड असलेली मावशी किंवा मेव्हणा बरोबर असेल तर पॅडिंग्टनवरूनच जा, नाहीतर ऑक्सफर्ड राहून जाईल.

ऑक्सफर्ड

इथे एकच गोष्ट पैसे देऊन बघायची असेल तर मी बॉडलियन ग्रंथालयाची मार्गदर्शित फेरी सांगेन. बहुतेक जण रॅडक्लिफ कॅमेरासमोर फोटो काढतात आणि पुढे जातात. ती घुमटाची गोल इमारत आजही वाचनालय आहे, त्यामुळे सहज म्हणून आत सोडत नाहीत. फेरीत मात्र डिव्हिनिटी स्कूल दिसतं. पंधराव्या शतकातलं ते छत मान मोडेपर्यंत बघत राहावं असं आहे. वर ड्यूक हम्फ्रीचं जुनं दालन आहे, जुन्या लाकडाचं आणि चामडी बांधणीच्या पुस्तकांचं. बॉडलियनमधून पुस्तक घरी नेता येत नाही, कुणालाच नाही. यादवी युद्धात राजा पहिला चार्ल्स ऑक्सफर्डमध्ये तळ ठोकून होता. १६४५ साली त्यानं एक पुस्तक मागवलं तर ग्रंथपालानं नियमावर बोट ठेवून नकार दिला. आजही सभासद होताना ग्रंथालयात आग किंवा ज्योत पेटवणार नाही अशी शपथ घ्यावी लागते.

बहुतेक पाहुण्यांना, आणि त्यांच्या मुलांना तर नक्कीच, क्राइस्ट चर्च हवं असतं. कारण हॅरी पॉटर. तिथला दगडी जिना सिनेमात आहे. जेवणाचं दालन मात्र सिनेमात जसंच्या तसं नाही, त्याच्यावरून स्टुडिओत सेट उभारला होता. हे मुलांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे "हे लहान का आहे?" असा प्रश्न येणार नाही. तिकीट चांगलंच महाग आहे आणि सुट्ट्यांमध्ये आधी काढून ठेवावं लागतं. चौघांचं कुटुंब असेल तर मी इथे जरा हात आखडता घेईन. ॲलिसच्या गोष्टीचे लेखक लुईस कॅरल याच कॉलेजात गणित शिकवत. डीनच्या मुलींना नावेतून फिरवताना, ४ जुलै १८६२ रोजी, त्यांनी ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली. कॉलेजच्या टॉम टॉवरमधली घंटा रोज रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी १०१ टोले देते. नऊलाच का नाही? तर ऑक्सफर्डची स्थानिक वेळ ग्रीनिचपेक्षा पाच मिनिटांनी मागे, आणि घंटेनं रेल्वेची वेळ अजून मान्य केलेली नाही.

पण ऑक्सफर्डचं पारडं जड होतं ते फुकटातल्या गोष्टींमुळे. ॲशमोलियन हे १६८३ सालचं, ब्रिटनमधलं पहिलं सार्वजनिक संग्रहालय. भारतीय शिल्पांचं दालन चुकवू नका. त्याहून मला पिट रिव्हर्स जास्त आवडतं. तिथे वस्तू देशांप्रमाणे लावलेल्या नाहीत, कामाप्रमाणे लावल्या आहेत. कुलपांच्या कपाटात जगभरची कुलपं, मुखवट्यांच्या कपाटात जगभरचे मुखवटे, आणि कित्येकांना शाईनं हातानं लिहिलेल्या बारक्या चिठ्ठ्या बांधलेल्या. उजेड मुद्दाम मंद ठेवतात, वाकून वाकून वाचावं लागतं. एके काळी लोक तिथली आवळून लहान केलेली मुंडकी बघायला जात; ती २०२० मध्ये प्रदर्शनातून काढून टाकली आहेत, आणि बरंच झालं. पाऊस लागला तर या दोन ठिकाणी अख्खा दिवस निघतो.

ब्रॉड स्ट्रीटवर चालताना रस्त्यातच दगडांचा एक क्रूस दिसेल. लॅटिमर आणि रिडली या दोन प्रोटेस्टंट बिशपांना १५५५ साली आणि आर्चबिशप क्रॅन्मरला पुढच्या वर्षी इथे जिवंत जाळलं. त्यावरून सायकली जात असतात, कुणी थांबत नाही. त्याच रस्त्याच्या पूर्व टोकाला मान वर करून बघा: एका इमारतीवर वाऱ्याची दिशा दाखवायला हत्ती बसवला आहे. ही जुनी इंडियन इन्स्टिट्यूट. संस्कृत-इंग्रजी कोशाचे मोनिअर विल्यम्स यांनी पैसे जमवून ती उभी केली. प्रिन्स ऑफ वेल्सनं १८८३ साली पायाभरणी केली. याच मोनिअर विल्यम्सचे साहाय्यक होते श्यामजी कृष्ण वर्मा, ज्यांच्या शिष्यवृत्तीवर पुढे सावरकर लंडनला आले. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला आल्या तेव्हा जवळच्या वाँटेजच्या मठात राहिल्या होत्या, आणि मॅक्सम्युलरकडे ऑक्सफर्डला येऊन गेल्या होत्या. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये इथल्या सॉमरव्हिल कॉलेजात आल्या. कायदा शिकणारी ऑक्सफर्डमधली ही पहिली स्त्री. १८९२ मध्ये परीक्षा दिली, पदवी मात्र हातात पडली १९२२ मध्ये. कारण ऑक्सफर्ड १९२० पर्यंत स्त्रियांना पदवीच देत नव्हतं. केंब्रिजनं तर त्यासाठी १९४८ उजाडू दिलं!

उंचावरून गाव बघायचं असेल तर सेंट मेरी चर्चचा मनोरा चढा. पायऱ्या १२७, वर जाताना अरुंद होत जाणाऱ्या. समोरून कुणी उतरत असेल तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. वजनदार माणसांनी आणि चक्कर येणाऱ्यांनी खालूनच समाधान मानावं.

केंब्रिज

केंब्रिजमध्ये रस्त्यानं फिरून निराश झालेले लोक मी बघितले आहेत. कॉलेजांची दारं बंद, हिरवळीवर पाय ठेवायची मनाई, दुकानं नेहमीचीच. त्यांनी नदीकडून गाव बघितलेलंच नसतं. कॅम नदीच्या काठाला कॉलेजांच्या पाठी येतात, त्या भागाला बॅक्स म्हणतात, आणि केंब्रिजचं सगळं वैभव तिथे आहे. सपाट तळाची, लांब काठीनं ढकलायची नाव म्हणजे पंट. पाऊण तासात क्वीन्स, किंग्ज, क्लेअर, ट्रिनिटी, सेंट जॉन्स अशी ओळीनं कॉलेजं समोरून सरकतात. स्वतः काठी मारायच्या फंदात पहिल्याच भेटीत पडू नका. काठी चिखलात रुतते, नाव पुढे जाते आणि माणूस काठीला लोंबकळतो. नावाड्यासकट जागा घ्या. रस्त्यात तिकिटं विकणारी मुलं मागे लागतात, त्यांना पहिल्या भावाला हो म्हणू नका.

नावाडी गप्पा छान मारतात, पण त्यातल्या निम्म्या चाळणीतून घ्याव्यात. मॅथेमॅटिकल ब्रिज हा लाकडी पूल न्यूटननं एकही खिळा न वापरता बांधला असं हमखास सांगतील. न्यूटन वारला १७२७ मध्ये, पूल झाला १७४९ मध्ये. क्लेअरच्या पुलाकडे मात्र नीट बघा: कठड्यावरच्या दगडी गोळ्यांपैकी एकाची फोड कापून काढलेली आहे, कलिंगडाची काढतात तशी.

पैसे देऊन आत जायचं एकच ठिकाण म्हणजे किंग्ज कॉलेजचं चॅपल. सहाव्या हेन्रीनं १४४६ मध्ये काम सुरू केलं, मध्ये गुलाबांची युद्धं, म्हणजे गादीसाठीची यादवी, आली, आणि दगडी बांधकाम पुरं झालं ते आठव्या हेन्रीच्या काळात, १५१५ मध्ये. पंख्यासारखं उलगडत जाणारं ते दगडी छत आपल्या प्रकारातलं जगातलं सर्वांत मोठं आहे. सत्र चालू असताना संध्याकाळच्या प्रार्थनेला बसलात तर तिकीट लागत नाही, शिवाय तिथला प्रसिद्ध गायकवृंद ऐकायला मिळतो. वेळ आधी वेबसाइटवर बघून ठेवा. मला विचाराल तर दुपारच्या गर्दीत तिकीट काढून जाण्यापेक्षा हे केव्हाही सरस.

आणि मराठी माणसासाठी एक इमारत: सेनेट हाउस. किंग्जच्या शेजारीच, पांढऱ्या दगडाची, आणि वास्तुकार जेम्स गिब्ज, म्हणजे ऑक्सफर्डचा रॅडक्लिफ कॅमेरा बांधणाराच. गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात येणारे ते रँग्लर, आणि त्यांच्यातला पहिला तो सीनियर रँग्लर. ती नावं इथे क्रमानं वाचून दाखवत. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, सेंट जॉन्सचे विद्यार्थी, १८९९ मध्ये संयुक्तपणे पहिले आले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढे ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि 'रँग्लर' हे जणू त्यांचं पहिलं नावच झालं. यादीतल्या शेवटच्याला विद्यार्थी याच इमारतीत सज्जातून भलामोठा लाकडी चमचा सोडत. १९०९ नंतर क्रम जाहीर करणं थांबलं आणि चमचाही गेला. जयंत नारळीकर याच गणितासाठी १९५७ मध्ये इथे आले, पुढे किंग्जचे फेलो झाले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख जीझस कॉलेजचे. रामानुजन आणि नेहरू ट्रिनिटीचे. ट्रिनिटीच्या रेन लायब्ररीत न्यूटनची स्वतःची 'प्रिन्सिपिया'ची प्रत आहे, आणि रामानुजनांची 'हरवलेली वही' १९७६ साली सापडली तीही तिथल्याच कागदपत्रांत. पाहुण्यांसाठी लायब्ररी मोजक्याच वेळात उघडी असते.

संग्रहालयांच्या बाबतीत केंब्रिज मागे पडतं. फिट्झविल्यम सुंदर आहे, फुकट आहे, पण सोमवारी बंद. पाऊस असेल आणि वर सोमवार असेल तर केंब्रिजचा बेत सोडून द्या. एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत परीक्षांमुळे बरीच कॉलेजं पाहुण्यांना आत घेत नाहीत. ऑक्सफर्डमध्येही परीक्षा असतातच, पण तिथे ती बघायची गोष्ट आहे: काळे झगे घातलेली मुलं कोटाला पहिल्या पेपरला पांढरं, मधल्यांना गुलाबी आणि शेवटच्याला लाल कार्नेशनचं फूल लावून जातात.

मग कुठे?

आई-बाबांना घेऊन, मे ते सप्टेंबरमध्ये, हवा कोरडी असेल तर केंब्रिज. चालणं कमी, बसून बघणं जास्त. फक्त पंटमध्ये उतरताना हात धरायला कुणीतरी हवं, कारण बैठक अगदी खाली असते. गणित किंवा विज्ञान शिकणारं मूल असेल तरी केंब्रिजच. ईगल पबमध्ये नेऊन दाखवा: फेब्रुवारी १९५३ मध्ये डीएनएच्या रचनेची बातमी शास्त्रज्ञ फ्रान्सिस क्रिकनं जेवणाच्या वेळी इथेच फोडली.

ऑक्टोबर ते मार्च, किंवा पावसाची चिन्हं असतील, किंवा बरोबर दहा-बारा वर्षांची चौकस पोरं असतील, तर ऑक्सफर्ड. वाचणारा माणूस एकटा निघाला असेल तर कुठल्याही महिन्यात ऑक्सफर्ड. खाण्याची सोयही तिथे बरी. १७७४ पासून चालू असलेल्या कव्हर्ड मार्केटमध्ये शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, आणि डबा आणला असेल तर युनिव्हर्सिटी पार्क्समध्ये बसून खायला कुणी अडवत नाही. केंब्रिजमध्ये फिट्झबिलीजचा चिकट, दालचिनीचा चेल्सी बन खा, दोघांत एक पुरे.

दोन दिवस असतील तर? ऑक्सफर्डला जोडून ब्लेनहाइम पॅलेस, म्हणजे चर्चिलचं जन्मस्थान, होतं. केंब्रिजहून रेल्वेनं पंधरा-वीस मिनिटांवर इलीचं कॅथीड्रल आहे, आणि ते बघून मला तरी किंग्जपेक्षा जास्त थक्क व्हायला झालं. मात्र दोन्ही गावं एकाच दिवशी करू नका, टूरवाले कितीही म्हणोत. दोघांना जोडणारी थेट रेल्वे १९६७ च्या अखेरीस बंद पडली, ती पुन्हा उभारण्याचं काम टप्प्याटप्प्यानं चालू आहे. तोवर एकातून दुसऱ्यात जायचं म्हणजे लंडनला परत येऊन गाडी बदला, नाहीतर बसमध्ये तीन-साडेतीन तास बसा.