मुलींची छोटी प्रेप की सरकारी प्रायमरी?

इंग्लंडमधल्या मैत्रिणीला लेकीसाठी पडलेला प्रश्न. प्रेप म्हणजे तिथली फी भरायची खासगी प्राथमिक शाळा. माहितीपत्रकातले हसरे चेहरे बाजूला ठेवू.

खर्च: सरकारी शाळा फुकट. प्रेपच्या फीवर जानेवारी २०२५ पासून २० टक्के व्हॅट. गणवेश, सहली वेगळ्याच. हिशेब सात वर्षांचा कर गं, एका टर्मचा नको.

वर्ग: सरकारीत पहिली तीन वर्षं कायद्याने एका शिक्षकामागे कमाल ३० मुलं. प्रेपमध्ये बरीच कमी; पण दहा मुलींच्या वर्गात दोघींशी बिनसलं, तर खेळायला उरतं कोण? शिवाय पट घसरला की छोट्या शाळा बंदही पडतात. पटाचा आकडा विचारच.

अकराव्या वर्षी काही माध्यमिक शाळांसाठी द्याव्या लागणाऱ्या प्रवेशपरीक्षेची तयारी प्रेप करून घेते. सरकारीत ती बहुधा घरीच.

लेक बुजरी आणि फी सहज झेपणारी असेल, तर प्रेप. ओढाताण होणार असेल, तर बिनदिक्कत सरकारी.