कंब्रियातली हाऊंड ट्रेल: बघायला जाताय, तर उभं कुठं राहायचं

दोरीच्या टोकाला बांधलेलं लोकरीच्या चिंध्यांचं बोचकं. रॉकेल, टर्पेंटाइन आणि अ‍ॅनीसीडचं तेल यांच्या मिश्रणात ते बुडवून काढलेलं असतं. अ‍ॅनीसीड म्हणजे आपल्या बडीशेपेचं जवळचं भावंड. दोघांच्या वासामागचं मुख्य द्रव्य एकच, अ‍ॅनेथॉल. त्यामुळे मराठी नाकाला हा वास अर्धा ओळखीचा वाटतो, वातीच्या स्टोव्हशेजारी बडीशेपेची डबी सांडावी तसा. उत्तर इंग्लंडात कंब्रियाच्या डोंगरांवरून हे बोचकं ओढत नेतात आणि त्या वासावर शर्यतीची कुत्री सोडतात. हाच हाऊंड ट्रेलिंगचा खेळ. कुत्र्यांच्या पुढे ना ससा पळत असतो, ना कोल्हा. पुढे असतो फक्त वास.

कंब्रियातल्याच लेक डिस्ट्रिक्टला जाणारे आपले बरेच लोक तळी पाहतात, बोटीत बसतात, पावसाला शिव्या देतात आणि परत फिरतात. ज्या दुपारी ते चहा पीत असतात, त्याच दुपारी दोन मैलांवरच्या एखाद्या कुरणात ट्रेल चालू असते. ती बघण्यासारखी आहे का? आहे, पण तयारी न करता गेलात तर अर्धा तास रिकामा डोंगर बघून परत याल. या खेळाची खुबी तीच आणि खोडही तीच.

आधी रस्ता कसा आखतात ते कळायला हवं, एरवी पुढचं काहीच लागत नाही. मोठ्या कुत्र्यांची ट्रेल साधारण १० मैलांची, म्हणजे १६ किलोमीटरची असते. वर्षाच्या आतबाहेरच्या पिल्लांची त्याच्या निम्मी. वास टाकणारी माणसं दोन. त्यांना ट्रेलर म्हणतात. दोघं निघतात रस्त्याच्या मध्यावरून. एक बोचकं ओढत सुरुवातीच्या कुरणाकडे येतो, दुसरा शेवटाकडे जातो. म्हणजे पहिल्या अर्ध्या भागात वास कुत्र्यांच्या धावेच्या उलट दिशेनं टाकलेला असतो. सर्वांत जुना वास मध्यावर, सर्वांत ताजा दोन्ही टोकांना. कुत्री सुसाट सुटतात, मध्ये कुठंतरी घोटाळतात आणि शेवटी पुन्हा वेग घेतात, त्यात या पद्धतीचा मोठा वाटा आहे.

दोघांनाही आठेक किलोमीटर डोंगर, ओढे, दगडी गडगे आणि दलदल तुडवायची असते. म्हणून जाहीर केलेली वेळ ही फक्त अंदाजाची वेळ. पहिला ट्रेलर बोचकं ओढत कुरणात शिरून रेषा ओलांडेपर्यंत काही सुटत नाही. पाच वाजता म्हटलं आणि साडेपाच झाले तर आयोजकांवर चिडू नका. वर कुणाचा तरी बूट चिखलात रुतलेला असतो.

रॉकेल कशासाठी, असा प्रश्न हटकून येतो. अ‍ॅनीसीडचं तेल थंडीत थिजतं. पंधरा-वीस अंशांच्या खाली ते तुपासारखं गोठायला लागतं, आणि कंब्रियाच्या माथ्यावर उन्हाळ्यातही तेवढीच हवा असते. रॉकेलात पातळ केलं की ते चिंध्यांत नीट मुरतं आणि गवतावर सारखं उतरतं. टर्पेंटाइनही वास पुढे न्यायला मदत करतं. प्रमाण विचारलंत तर प्रत्येक जण वेगळं सांगेल.

हवामान बिघडलं की ट्रेल बिघडते. ओलसर, ढगाळ, मंद वाऱ्याचा दिवस उत्तम. कडक ऊन आणि कोरडं गवत असेल तर वास लवकर उडतो. जोराचा वारा असला की वास बाजूला सरकतो आणि कुत्री मूळ ओळीवरून न पळता वाऱ्याखालच्या अंगानं दहा-वीस पावलं लांबून पळतात. बघणाऱ्याला वाटतं रस्ता चुकली. चुकलेली नसतात. खरोखर चुकतात तेव्हा ते लगेच कळतं. सगळा जथा एकदम मंदावतो, कुत्री नाक जमिनीला लावून पंख्यासारखी पसरतात, गोल फिरतात. मग एखाद्याला धागा सापडतो, ते भुंकून निघतं आणि बाकीची त्याच्यामागे. पुढं असलेलं कुत्रं अशा वेळी मागं पडतं आणि मागचं पुढं येतं. दुर्बिणीतून बघावा असा क्षण असेल तर तो हाच. वळणाच्या जागी हे जास्त होतं, कारण वेगात आलेलं कुत्रं वळण सोडून सरळ पुढे निघून जातं.

मोठ्या कुत्र्यांच्या ट्रेलला वेळेची चौकट असते: २५ ते ४५ मिनिटं. त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे संपली तर निकाल धरत नाहीत. हिशेब केला तर ताशी २१ ते ३८ किलोमीटरचा वेग पडतो, तोही चढ, ओढे आणि गडगे धरून. फार लवकर संपली म्हणजे रस्ता आखूड पडला, फार उशीर झाला म्हणजे वासच बिनसला. हे नियम आणि नोंदी पाहणारी हाऊंड ट्रेलिंग असोसिएशन १९०६ साली स्थापन झाली. त्याआधी पैज लावणाऱ्यांच्या चलाख्यांना फारसा धरबंध नव्हता, म्हणून तर ही संघटना लागली.

कुत्री फॉक्सहाऊंडच्या, म्हणजे कोल्ह्याच्या शिकारीच्या कुत्र्यांच्या, वंशातली, पण त्याहून हलकी, लांब पायांची, छाती खोल आणि पोट आत गेलेलं. हंगामात त्यांचे केस अगदी कातडीलगत कापलेले असतात, धावताना अंग तापू नये म्हणून. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती उपाशी वाटतात. बरगड्या दिसतात खऱ्या, पण खाण्यापिण्याच्या बाबतीत ही कुत्री घरातल्या माणसांपेक्षा वर. काय खायला घालतो हे मालक कुणाला सांगत नाही. आपल्याकडे शर्यतीच्या बैलाचा खुराक विचारून पाहा, तसंच.

आता प्रत्यक्ष बघण्याचं. जाण्याचे दोन मार्ग आहेत आणि दोघांत फरक मोठा आहे.

पहिला मार्ग मोठ्या जत्रेचा. जुलैच्या अखेरच्या गुरुवारी अँबलसाइडजवळ रायडल पार्कात भरणारे खेळ, किंवा ऑगस्टच्या शेवटी ग्रासमियरचे खेळ. इथं हाऊंड ट्रेल हा अनेक कार्यक्रमांतला एक. सोबत कंबरलँड-वेस्टमोरलँड कुस्ती असते. दोन्ही मल्ल एकमेकांच्या खांद्यावर हनुवटी टेकवतात आणि पाठीमागे हातांची कडी घालतात. कडी सुटली किंवा पायाखेरीज अंग जमिनीला लागलं की हार. धोबीपछाडीची सवय असलेल्या डोळ्यांना ही कुस्ती आधी मिठीसारखी वाटते. ग्रासमियरला बटर क्रॅगच्या कड्यावर चढून उतरण्याची गाइड्स रेसही असते. खाण्याचे ठेले, स्वच्छतागृहं, बसायला जागा, लाउडस्पीकरवरून धावतं वर्णन, सगळं मिळतं. लहान मुलं किंवा वयस्क मंडळी बरोबर असतील तर हाच मार्ग बरा. उणीव एवढीच की गर्दीमुळे शेवटच्या रेषेजवळ जाता येत नाही, आणि लाउडस्पीकर बाकीचं सगळं गिळून टाकतो.

दुसरा मार्ग साध्या संध्याकाळच्या ट्रेलचा. हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर, आणि त्यात आठवड्याला अनेक ट्रेली होतात, कधी शनिवार-रविवारी, कधी आडवारी संध्याकाळी. रस्त्यालगतचं एखादं कुरण, पंचवीस-तीस गाड्या, दोन-चार बुकींच्या पाट्या आणि गाड्यांच्या मागच्या दारातून बाहेर डोकावणारी कुत्री. ना मंडप, ना माइक. खेळ खरा बघायचा असेल तर इथंच जावं, असं आमचं स्पष्ट मत. इथली माणसं एकमेकांच्या कुत्र्यांना नावानं आणि त्यांच्या आयांनाही नावानं ओळखतात. पश्चिम कंब्रियात हा खेळ शेतकऱ्यांइतकाच खाण कामगारांच्या वस्त्यांत वाढला. व्हाइटहेवनची हेग ही कोळशाची खाण १९८६ साली बंद पडली, पण त्या भागात कुत्री पाळण्याची सवय गेली नाही. नवख्या माणसाला कुणी वाळीत टाकत नाही. फक्त मालक कुत्र्याला पट्ट्याला धरून रेषेवर उभा असताना प्रश्न विचारायला जाऊ नका.

सुरुवात बघायची ती बाजूनं. सगळी कुत्री एका ओळीत, मालकांच्या हातात, मागच्या पायांवर उभी राहून कोकलत असतात. ट्रेलर आत येतो, निशाण पडतं, हात सुटतात आणि क्षणात गोंगाट बंद. पळताना ती फार कमी भुंकतात. समोरचा गडगा ओलांडून दिसेनाशी होतात. पुढची वीसेक मिनिटं तुमच्या हातात काही नसतं, म्हणून जागा निवडताना समोरचा डोंगर जास्तीत जास्त दिसेल अशी निवडा. ८ गुणिले ४२ ची दुर्बीण पुरे. १० पटीची घेतलीत तर हात हलतो आणि हिरव्या उतारावर पांढरे ठिपके शोधता शोधता डोळे दुखतात. पांढरा ठिपका जागेवर थांबला असेल तर ती मेंढी. सरकत असेल तर बघत राहा. जाणकार मालक दोन मैलांवरून नुसत्या पळण्याच्या ढबीवरून आपलं कुत्रं ओळखतात आणि तेवढ्यात शेजारी बुकीच्या पाटीवरचे आकडे बदलतात.

शेवटासाठी मात्र जागा बदला. कुत्री शेवटच्या उतारावर दिसली की मालक रेषेमागे ओळीनं उभे राहतात आणि मग जो कालवा होतो त्याला तोड नाही. प्रत्येकाची शीळ वेगळी, हाक वेगळी. कुणी पत्र्याचा डबा वाजवतो, कुणी टॉवेल फिरवतो, प्रत्येकाच्या हातात खाण्याचा वाडगा. कुत्र्याला त्या गदारोळातून आपल्या माणसाचा आवाज वेगळा काढायचा असतो. इथं शर्यती हरतात. पहिलं आलेलं कुत्रं रेषेच्या चार हात अलीकडे थबकतं, मान वर करून मालकाला शोधतं, आणि दुसरं शेजारून आत घुसतं. रेषा ओलांडल्याखेरीज क्रमांक नाही. पहिल्या सहांना बक्षीस असतं. कालवा अर्ध्या मिनिटात संपतो आणि मग कुरणात फक्त वाडगे चाटल्याचा आवाज उरतो.

पैज लावायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. वय १८ पूर्ण हवं आणि खिशात रोख हवी. पाटीवर ५-२ लिहिलं असेल तर २ पौंड लावल्यावर जिंकलात तर ५ पौंड आणि तुमचे २ परत. सहसा लोक लहान रकमा लावतात. नवख्यानं निव्वळ नाव आवडलं म्हणून लावलेले पैसे गेलेच समजा. पाहायचं ते एवढंच की गेल्या काही ट्रेलींत हे कुत्रं पहिल्या सहांत किती वेळा आलं, आणि ते चढावर चांगलं पळतं की सपाटीवर. शेजारी उभ्या असलेल्याला विचारा, तो सांगेल. आपल्या स्वतःच्या कुत्र्याबद्दल मात्र खरं सांगेलच असं नाही.

या खेळाच्या नावावरून एक गैरसमज होतो. ट्रेल हंटिंग नावाचा प्रकार वेगळा आहे. तो कोल्ह्यांच्या शिकारीच्या टोळ्या चालवतात आणि कुत्र्यांकरवी शिकारीवर बंदी घालणाऱ्या २००४ च्या हंटिंग अ‍ॅक्टनंतर त्याभोवती मोठा वाद आहे. हाऊंड ट्रेलिंगचा त्याच्याशी संबंध नाही. इथं घोडेस्वार नसतात आणि शिकारही नसते. कुत्र्यांना इजा होतच नाही असं मात्र नाही. काटेरी तारेनं पाय फाटणं, गडग्यावरून उडी चुकणं, डांबरी रस्ता ओलांडताना गाडी येणं, हे धोके खरे आहेत. चांगले आयोजक रस्त्याच्या जागी माणसं उभी करतात आणि तारेवर गोणपाट टाकतात. जिथं ते दिसत नाही तिथं पुन्हा जाऊ नये.

पोहोचण्याची सोय मोठ्या खेळांना ठीक, लहान ट्रेलला जवळजवळ नाही. रेल्वेनं ऑक्सनहोमला गाडी बदलून विंडरमियरपर्यंत येता येतं. तिथून ५५५ क्रमांकाची बस अँबलसाइड, ग्रासमियर, केझिक अशी जाते. रायडल आणि ग्रासमियर दोन्ही याच रस्त्यावर. पश्चिमेकडच्या कुरणांना मात्र स्वतःची गाडी हवी, आणि कुरण ओलं असेल तर गाडी फाटकाच्या जवळ, तोंड बाहेर करून लावा, एरवी निघताना ट्रॅक्टर शोधावा लागेल. ट्रेली जमीनमालकांच्या परवानगीवर चालतात. गुरांचा आजार, कापणी किंवा पाऊस यांमुळे ठिकाण ऐनवेळी बदलतं, म्हणून त्याच दिवशी सकाळी खात्री करा. २००१ साली लाळ्या-खुरकुताची साथ आली तेव्हा कंब्रियाला सर्वांत जास्त झळ बसली आणि कुत्र्यांना डोंगरावर सोडणंच अशक्य झालं होतं. शेतावर जाताना-येताना बूट धुण्याबद्दल तिथले लोक काटेकोर का असतात, हे त्यावरून कळेल.

गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, वाऱ्याचं जाकीट, दुर्बीण, थर्मास आणि रोख. एवढं पुरेसं आहे. छत्री नको, मागच्यांना काही दिसत नाही.

गुण द्यायचे तर लहान ट्रेलला पाचांपैकी साडेचार, मोठ्या जत्रेतल्या ट्रेलला तीन. कुटुंबासह अख्खा दिवस काढायचा असेल तर हेच आकडे उलटे करा.

स्वतःचं कुत्रं बरोबर नेणार असाल तर ते सतत पट्ट्याला हवं आणि रेषेपासून लांब. आणि ट्रेल संपल्यावर मुलांना कुत्र्यांना हात लावायचा असेल, तर वाडगा रिकामा होईपर्यंत थांबवा, मग मालकाला विचारा. बहुतेक जण हो म्हणतात.